चारच्या खाली पाच

आमच्या घरातली सगळी अक्कल माझ्या सासऱ्यांकडे, म्हणजे मामांकडे होती. गणिताचे निवृत्त मास्तर. निम्मं कोल्हार त्यांना वाकून नमस्कार करायचं आणि प्रत्येक नमस्काराला ते थोडे आणखी फुगायचे. माझ्या मुलीला ऐकू येत नाही, हे ती दीड वर्षाची असताना कळलं. कानाला मशीन लावलं, त्याचा फारसा उपयोग झाला नाही. मग मामांनी निकाल दिला, "हातवारे करायचे न्हाईत. हाताची सवय लागली की पोरगी कधी बोलायची न्हाई."

झालं. मी बोटानं पाण्याचा तांब्या दाखवला तरी ते चष्म्यावरून बघायचे. पोरीनं हात उचलला की ओरडायचे, "हात खाली!" बहिऱ्या पोरीवर ओरडणारा माणूस गावात हुशार म्हणून प्रसिद्ध होता. आणि मी, चांगली बी.ए. झालेली बाई, पदर सावरत "हो मामा" म्हणत होते. माझी कीव करायचंही काही कारण नाही.

गणित मात्र त्यांनी मनावर घेतलं. "आकड्याला कुठं भाषा लागती? आकडा डोळ्याला दिसतो," म्हणायचे. रोज सकाळी ओट्यावर वही उघडायची, एक ते शंभर. सहाव्या वर्षी ती शंभरपर्यंत न चुकता लिहायची. पाहुणे आले की चहाबरोबर वही बाहेर यायची. पाहुणे बशीत फुंकर मारत म्हणायचे, "काय मोत्यासारखं अक्षर हाय!" त्या मोत्यांचं तिला काय कळतं, हे एकाही शहाण्यानं विचारलं नाही. शेजारची तिच्याच वयाची मुलगी तेव्हा "माझे दोनच घास राहिलेत" म्हणून आईशी भांडत होती. तिला वही लागली नव्हती. तिची आई दिवसभर तिच्याशी बोलत होती, एवढंच.

दिराचं लग्न ठरलं तेव्हा ब्लाउज शिवायला मी मुलीला घेऊन जवळच्या बेलापूरला गेले. शिवणारी बाई बहिरी, नवरा बहिरा, साडेचार वर्षांची मुलगीही बहिरी. "मुक्यांच्या घरी कशाला नेती पोरीला?" असं मामा निघताना म्हणालेच होते. बाई मशीनवरून मान न उचलता मुलीला चार बोटं दाखवत होती आणि ती चिमुरडी डब्यातून बरोबर चार हुक काढून कापडावर ठेवत होती. मग आईनं आणखी एक बोट हलवलं. तिनं आणखी एकच हुक आणला आणि वर तक्रार केली, की सकाळी तू मला दोन बिस्किटं म्हणालीस आणि एकच दिलंस. हे सगळं हातांनी. मलासुद्धा समजलं.

मग बाईनं माझ्या सात वर्षांच्या मुलीला चार बोटं दाखवली. तिनं मूठभर हुक ओतले. मला लाज वाटली. पोरगी हुशार आहे हे दाखवायला मी शिवणाचा खडू घेऊन कापडावर ४ काढला. मुलगी खुलली. खडू माझ्या हातातून घेऊन तिनं चारच्या खाली पाच काढला, त्याखाली सहा, त्याखाली सात. सुरेख. आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघत राहिली.

बाईनं मशीन थांबवलं. माझे दोन्ही हात धरून वर उचलले आणि सोडून दिले. हे कशाला आहेत मग, असा तो प्रश्न होता. तिच्या चेहऱ्यावर दया नव्हती, संताप होता.

घरी येऊन सांगितलं, आठवड्यातून तीनदा एसटीनं बेलापूरला जाणार. मामा उसळले, "अडाण्यांकडं शिकायला? मी काय मेलो हुतो का?"

"तुम्ही शिकवलंत म्हणूनच जावं लागतंय, मामा."

त्या रात्री ते जेवले नाहीत. कुणी आग्रहही केला नाही.

शिकायला तिला फार वेळ लागला. चार म्हणजे चार हुक, चार पायऱ्या, चार दिवस, हे मनात बसायलाच वर्ष गेलं. शेजारची मुलगी जे खेळता खेळता शिकली, त्यासाठी माझी मुलगी रडली, तिनं डबे फेकले, ती मला चावलीसुद्धा. वजाबाकीत ती अजून अडखळते. मामा हल्ली पाहुण्यांना सांगतात, "पाया मीच घातलाय." मी चहा देते आणि आत निघून जाते.

आता ती अकरा वर्षांची आहे. परवा आम्ही मटार सोलत बसलो होतो. तिनं हातांनी विचारलं, शिवणाऱ्या मावशीकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा मी किती वर्षांची होते?

मी सात बोटं दाखवली.

तिनं स्वतःची सात बोटं उभी केली, बराच वेळ बघितली, एकेक करून मिटवली. मग विचारलं, ती सात वर्षं तू माझ्याशी काय बोलत होतीस?

मी हात उचलले. ते खाली ठेवले.