नरसाबाईच्या शेतातलं पाणी

तुम्हाला म्हणून सांगतो—हे आजवर माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही, बायकोनेही नाही. लातुरात माझ्या क्लासला पोरांना बसायला जागा पुरत नाही. "सर बोलले म्हणजे तसंच," असं पालक एकमेकांना सांगतात. आणि खरंय ते, मी शिकवतो झकास. त्यात खोटी नम्रता कशाला?

पण त्याआधी मी देगलूरकडे एका प्रकल्पावर नोकरीला होतो. तिथं कालव्याच्या पाण्यावर साळ पिकते. शेतात सतत पाणी तुंबवण्याऐवजी ते अधूनमधून आटू दिलं, तर कमी पाण्यात भात येतो का—हे मोजायचं होतं. त्यासाठी प्रत्येक शेतात भोकं पाडलेला एक पाइप रोवलेला. रोज त्यात पट्टी घालायची, पाणी किती खाली गेलं ते वहीत लिहायचं. बस्स, एवढंच काम.

नरसाबाईचं शेत ओढ्यापलीकडे, सगळ्यात लांब. नवरा वारलेला, कारभार दिराच्या हातात. तिनं भांडून एक हंगाम मागून घेतला होता—पाणी कमी लागलं असं मोजमापात निघालं, तर पुढं त्या रानाचं सगळं ती ठरवणार. हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं.

आणि मी? मी नांदेडला क्लास घ्यायला लागलो होतो. नाव व्हायला लागलं होतं. पहाटेची गाडी धरायची, तर चिखल तुडवत ओढा कोण ओलांडणार? परत आल्यावर रस्त्याकडेची शेतं उरकायचो आणि तिच्या रकान्यात ओढ्याअलीकडच्या शेताचे आकडे उतरवायचो. ते शेत कायम डबडबलेलं. दोन-चार दिवसांपुरतं म्हणून सुरू केलं—आणि अख्खा हंगाम तसाच काढला.

शेवटी मारुतीच्या पारावर बैठक झाली. गावासमोर वही वाचली गेली. नरसाबाईनं शेत एकदाही आटू दिलं नाही, असं त्यात निघालं. दीर हसला. ती उठली, माझ्याकडे वळली.

"साहेब, म्या तर रान वाळू दिलं हो. बारक्या भेगा पडल्या व्हत्या. तुमी आलता न्हवं?"

तेव्हा बोलता आलं असतं—एका वाक्याचं तर काम होतं. पण आज वर्गात बोलतो तशाच ठाम आवाजात मी म्हणालो, "रोज येत होतो, बाई. पट्टी घालून मोजलंय."

दिराशी भांडलेली बाई ती. माझ्याशीही भांडेल अशी भीती वाटली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे.

"मंग माझंच पाहण्यात चुकलं असंल," ती म्हणाली आणि खाली बसली.

पुढच्या हंगामात दिरानं ते रान पुन्हा तुडुंब भरलं. नरसाबाई तिथं मजुरणींच्या रांगेत लावणी करत होती, असं मला कळलं. तोवर मी लातूरला आलो होतो. तिचं काहीच चुकलं नव्हतं—हे तिला सांगायला मी कधी गेलो नाही.