लांबचं गिऱ्हाईक रिकामं जात नाही

जळगावच्या शेअर दलालाने मला फसवलं. आधी स्वतःचे शेअर विकले, मग मला म्हणाला, थांबा.

मी केळीच्या व्यापारात शून्यातून उभा राहिलो. चोपड्याकडे दिल्लीचे व्यापारी उतरले की मी आधी त्यांच्या ड्रायव्हरांचे स्टोव्ह बघायचो. डाळ शिजत असली तर माल अजून हवाय, भाव ताणायचा. स्टोव्ह गाडीत चढले की मिळेल त्या भावाने देऊन मोकळं व्हायचं. एवढ्या लांबून आलेला माणूस रिकामा ट्रक घेऊन परत जात नाही, हा माझा हिशेब कधी चुकला नव्हता.

नव्वदनंतर परदेशी फंड शेअर बाजारात उतरले. ते ज्या कंपनीला हात लावत, तिचा भाव चढे. मी तोच हिशेब लावला. धुळ्यातलं कापसाचं एक बंद जिनिंग घेण्यासाठी मी विसार दिला होता. बाकी सगळी रक्कम शेअरमध्ये.

एका सकाळी दलालाच्या दुकानात फोन वाजत होता आणि तो उचलत नव्हता.

"परदेशी विकायला लागलेत म्हणे?"

"काय चिंता करतस, भाऊ? बठ्ठं बराबर शे, सगळं ठीक. त्यांनी विकलं तर आपले देशी फंड घेतील."

"मग फोन का घेत नाहीस?"

"बायकोचा असंल. तिचा भाव कधीच उतरत नाही."

दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. फोन वाजतच राहिला.

देशी फंडांनी खरंच घेतलं. भाव सावरला, आणि मला वाटलं, डाळ अजून शिजतेय. पण त्याच आधारावर परदेशी आपला माल विकून मोकळे होत होते. मग देशी फंडांनीही हात आखडला. विकायला सगळे उभे, घ्यायला कोणी नाही. परदेशी कधीच गेले होते. त्यांच्याकडे ट्रक नव्हते, स्टोव्ह नव्हते. मी बघत काय होतो?

जिनिंगची बाकी रक्कम देता आली नाही, विसार बुडाला. पुढे धुळ्याला गेलो तेव्हा जिनिंगच्या फाटकाला नवं कुलूप होतं. किल्ली आमच्या दलालाच्या हातात.

"तुझे शेअर?"

"ते मी आधीच काढले होते, भाऊ. तुम्ही विचारलंच नाही."

त्याच्याशी माझं मी बघून घेईन. पण त्या देशी फंडांतल्याच एकात माझ्या बायकोची बचत होती. परदेशी निघाले तेव्हा त्यांचा माल त्या पैशाने उचलला गेला. तो कोणाच्या सांगण्यावरून उचलला? फंडातल्या ज्याने त्या खरेदीवर सही केली, त्याने समोर येऊन माझ्या बायकोला उत्तर द्यावं.