नकटं, नाकाडं आणि राहीबाईची सुपारी

खर्ड्याच्या माणसांची नाकं लांब असतात असं काही गॅझेटात लिहिलेलं नाही. पण राहीबाईच्या माहेरची होती. तिचा भाऊ आप्पासाहेब गल्लीत वळला की आधी नाक वळतं, मग आप्पासाहेब, असं तिचा नवरा गहिनीनाथ म्हणायचा. आणि गहिनीनाथाचं स्वतःचं? असून नसल्यासारखं. चष्मा टिकेना त्यावर, सुतळीनं डोक्यामागं बांधायचा बिचारा. या दोन नाकांच्या मधोमध राहीबाई पंचवीसेक वर्षं उभी होती, आणि दोघांचं भांडण कुठल्या नाकावरून, तर विमानाच्या! हसायचं काम नाही. हसणाऱ्याला राहीबाई उलथणं दाखवायची.

बाई तशी चारचौघींसारखीच. सुप्याजवळच्या हिवरवाडीत दिली, ज्वारी खुरपली, म्हशी सांभाळल्या, एक लेक वाढवला. उंची बेताची, आवाज मात्र बेताबाहेर. आपल्या म्हशीला हाक मारली की शेजारची म्हैस दावं तोडून यायची. रडणं तिला कधी जमलं नाही. राग आला, दुःख झालं, की ती भांडी घासायला बसायची, आणि भांडी घासलेली असली तर तीच परत घासायची. त्या वर्षी माघापासून चैत्रापर्यंत तिच्या घरातल्या पातेल्यांत तोंड बघून भांग पाडता आला असता.

झालं होतं असं. दुसऱ्या मोठ्या लढाईत हे दोन्ही गडी पोटासाठी भरती झालेले. आप्पासाहेब फौजेत लॉरीवर, थेट ब्रह्मदेशाच्या वाटेला. गहिनीनाथ विमानदळात सुतारकामाला, मद्रासेकडच्या एका तळावर, जिथं नवे वैमानिक शिकायचे. दोघांनी पाहिलेलं विमान एकच. ब्लेनहाइम त्याचं नाव, दोन इंजिनांचं, हलकं, बाँब टाकायचं. वाडीच्या जिभेला ते नाव काही झेपेना, म्हणून वाडीनं त्याचं सरळ 'बिलंदर' करून टाकलं. आता विमान एक, नाव एक, मग भांडायला उरलं काय? तर नाक! गहिनीनाथ म्हणायचा, बिलंदर नकटं. "त्वांड असं, भिताडावर आपटल्यागत." आप्पासाहेब म्हणायचा, नाकाडं. "हे एवढं लांब, काचंचं, आन डाव्या अंगाला वरनं खड्डा पडल्यालं."

"खड्डा? का, कुनी लाथ घातल्ती?" असं गहिनीनाथानं स्वतःच्या लग्नाच्या पंगतीतच विचारलं, आणि नवरीचा भाऊ भरल्या ताटावरून उठता उठता राहिला. तेव्हापासून दिवाळी असो, बारसं असो, दुसरी पुरणपोळी पानात पडली की बिलंदर उडालंच म्हणून समजा.

हे एवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण राहीबाईच्या मनात एक गोष्ट होती. आप्पासाहेबाची पुष्पावती जन्मली तेव्हा तिच्या बारशाला राहीबाईनं पाळण्यात वाकून सांगितलं होतं, "ही माजी सून." भावाची लेक सून म्हणून आणायची, यापरतं सुख बाईला दुसरं कुठलं? पोरं मोठी झाली. राहीबाईचा कानिफनाथ कारखान्यावर वेल्डर लागला. खर्ड्याचं नाव निघालं की त्याचे कान लाल व्हायचे, आणि खर्ड्याला पुष्पावती आत्याची खुशाली विचारता विचारता तिसऱ्याच कुणाची तरी विचारायची. सगळं कसं जुळून आलेलं.

माघात खर्ड्याला बैठक बसली. चार पाव्हणे जमले, पोहे झाले, चहा आला. सुपारी फोडायची तेवढी बाकी, सुपारी फुटली की लग्न पक्कं. दगड हातात आला होता! तेवढ्यात एका शहाण्या पाव्हण्यानं विचारलं, "तुमी दोघंबी लढाईतलं म्हनं?" संपलं. बशीतला चहा निवायच्या आत बिलंदर बैठकीत उतरलं. आवाज चढले. आणि गहिनीनाथ बोलून गेला, "नाक लांब आसंल तर तुमच्या घरान्याचं. इमानाचं नव्हतं."

आप्पासाहेब उभा राहिला. "दाजी, आदी नाक लांब हुतं म्हना. मगच सुपारी फुटंल."

"मेलो तरी म्हननार न्हाई."

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथं नकटं विमान, आणि लग्न भलत्याचंच! राहीबाईनं ती अख्खी सुपारी उचलून कमरेच्या चंचीत टाकली आणि एसटीत बसली. खर्डा ते नगर, नगर ते सुपा, नवऱ्याकडं पाठ फिरवून. चंचीत तंबाखू होती, चुना होता, आणि ती सुपारी. पान खायला चंची सोडली की बोटाला आधी तीच लागायची. सून हातची जाईल याचं दुःख तर होतंच. पण आई-बाप केव्हाचे गेलेले, माहेर म्हणजे आता हा एकटा भाऊ. त्याचा उंबरा बंद झाला तर राखीला जायचं कुठं? कुणाला दाखवायचं, बघ दादा, माजं क्यास पिकलं? हे मनात आलं की पातेलं घासायला निघायचं.

चैत्रात वाडीच्या भैरोबाची जत्रा आली. जत्रेत सोंगांच्या गाड्या निघायच्या. कुणी बैलगाडीवर रावण उभा करायचा, कुणी कालियामर्दन. गहिनीनाथानं जाहीर केलं, "औंदा आपल्या गाडीवर बिलंदर. नकटं. समद्या मुलकाला दावतो." आणि नुसतं उभं नाही म्हणे, हलणारं! तळावर वैमानिकांना शिकवायला एक पेटी होती. पंख छोटे, उडणं नाहीच, पण खाली चामड्याचे भाते. हवा भरली की पेटी डावी-उजवी कलायची, आत बसलेल्या पोराला वाटायचं आपण आभाळातच. त्या पेटीच्या भात्यांना ठिगळं लावण्यात आणि तिच्या लाकूडकामात गहिनीनाथाची लढाई गेली होती.

"म्हंजी सोंगच की ते," राहीबाई म्हणाली.

"सोंग कसलं? इमान शिकायचं यंतर हुतं!"

"जिमिनीवर बसून आभाळात असल्यासारखं करायचं, त्याला आमी सोंगच म्हंतो."

काय वर्णावं ते विमान! धड म्हणजे आडवी केलेली धान्याची कणगी. पंख म्हणजे कुडाच्या दोन ताट्या. इंजिनं म्हणजे कोंबड्या झाकायची दोन डालगी, आणि कोंबड्या उघड्यावर. सगळ्याला चुना आणि नीळ फासलेली. मधोमध जात्याचा खुंटा, त्यावर कणगी तोललेली. डाव्या-उजव्या बाजूला ट्रॅक्टरच्या दोन जुन्या ट्यूबा, आणि त्यांना रबरी नळीनं जोडलेला लोहाराचा भाता. उजव्या ट्यूबेत हवा गेली की विमान डावीकडं कलायचं, डावीत गेली की उजवीकडं. तोंडाला वेताची एक उथळ पाटी बांधली, झालं नकटं नाक. पाहून गहिनीनाथ इतका खूश की रात्री झोपेतही तोंडानं घर्रर्र करायचा.

आणि राहीबाईचं डोकं चालू लागलं. तिनं खर्ड्याला निरोप धाडला: दाजींनी इमान केलंय, नाकाड्याचं, जत्रंला येच. नवऱ्याला सांगितलं: दादा येतूय, तुमचं नकटं बघून कान धरनार हाय. खोटं? असेल. बहिणीनं भावासाठी बोललेलं खोटं भैरोबा मोजत नाही.

आता नाक हवं! जत्रेच्या दिवशी गहिनीनाथ ओढ्यावर बैल धुवायला गेला तशी ती गोठ्यामागं धावली. पाणी उपसायचं इंजिन बसल्यापासून विहिरीवरची चामड्याची मोट तिथं धूळ खात पडलेली. मोटेला हत्तीसारखी सोंड असते, पाणी ओतायला. तिनं ती सोंड पाटीवर ओढून बसवली, सुतळीनं आवळली, आत कडबा कोंबला. झालं हो नाक! पण उंदरांनी चामडं डावीकडं कुरतडलेलं, आणि कडबाही तिथंच कमी पडला. सोंड डाव्या अंगाला खाली बसली, खड्डाच पडला. "मेलं वाकडं दिसतंय," म्हणून ती खालून ठोसे मारत राहिली, पण ते काही वर येईना. बैलांच्या घुंगरांचा आवाज आला तशी तिनं सगळ्यावर सतरंजी टाकली आणि नवरा आल्यावर साळसूदपणे म्हणाली, "द्येवळाम्होरंच उघडा, दिष्ट लागंल."

देवळापुढं गाडी आली. गाव लोटलेलं. आप्पासाहेब नाक वर करून उभा. गहिनीनाथानं बैल थांबवले, छाती फुगवली आणि सतरंजी ओढली.

"आरं तिच्या!" गहिनीनाथ ओरडला.

"हेच!" आप्पासाहेब त्याहून मोठ्यानं ओरडला. "हेच ते! खड्डासुदिक हाय! दाजी, मानलं तुमाला!" आणि पन्नाशीतला तो गडी एखाद्या पोरासारखा चाकावर पाय देऊन कणगीत जाऊन बसला.

"उतरा खाली! ही मोट हाय माजी!" म्हणत गहिनीनाथ त्याच्यामागं चढला, नाक उपटायला. नाक बाहेर, हा आत. पुढं वाकायला गेला तो पुढच्या बसायच्या जागेतच अडकला. राहीबाई याचीच वाट बघत होती. पदर खोचला आणि भाता हाणायला लागली. फुस्स, फुस्स! उजवी ट्यूब फुगली, बिलंदर डावीकडं कललं, आप्पासाहेब घसरत दाजींच्या अंगावर. लोक हसून हसून लोळायचे राहिले. तिनं भात्याची रबरी नळी मुठीत गच्च दाबली. हवा कोंडली, विमान तसंच तिरपं लटकलं, दोन मेव्हणे आत एकमेकांवर.

"राहे, सोड!"

"न्हाई सोडत! नाक दाबल्याबिगर त्वांड उघडत न्हाई म्हंत्यात. आज दाबलंया. सुपारी फोडतो म्हना, तवा नळी सोडीन. तवर उडा दोघं!"

"ये बये, बरगडी मोडंल!"

"मोडू द्या! माजं म्हायार मोडलं, त्याचं काय? आं? तुमच्या त्या मुडद्या इमानाच्या नाकापायी माजा भाऊ गेला, सून गेली. त्ये इमान कवाच भंगारात गेलं आसंल, आन तुमी आजून त्याच्या श्येंबडावर भांडताय!"

हे ओरडताना तिचा आवाज फाटला. लोकांचं हसू थांबलं. तिरप्या विमानात गहिनीनाथाचा गाल कणगीच्या काठाला चेपलेला होता, चष्मा एका कानाला लोंबत होता. समोर मोटेची सोंड, आणि सोंडेच्या खड्ड्यातून त्याला देवळाचं दार दिसत होतं. नेमकं. उजवीकडं नुसतं चामडं, डावीकडं मात्र रस्ता साफ. तो बघतच राहिला.

"आप्पासाहेब," तो एकदम हळू म्हणाला, "पेटीच्या खिडकीम्होरं एक फळी लावाया लावल्ती मला. सायबानं. नवी पोरं दुसऱ्या जातीच्या बिलंदरवर जानार हायती म्हनला. लांब फळी. आन डावीकडनं खड्डा कापाया लावला. मी म्हनलो, चांगली फळी नासवली यडपटानं. माज्या हातानं कापली हो मी!" त्याला हसू फुटलं. "म्होरलं दिसावं म्हून खड्डा! दोन जाती व्हत्या त्यांच्या! आधीचं नकटं, नंतरचं नाकाडं. मी तुमचंच नाक तासत हुतो तितं, आन मलाच ठावं न्हाई!"

आप्पासाहेब लाजत म्हणाला, "दाजी, एक नकटं म्याबी बघितल्तं. वाटंला पडल्यालं. मला वाटलं, पडून नाक मोडलंय त्याचं."

आता हसण्याला धरबंध राहिला नाही. ते दोघं लटकल्या लटकल्या एकमेकांना टाळ्या द्यायला लागले, कणगी करकरली, लांब नाक गदागदा हललं. राहीबाईनं एका हातानं नळी धरून दुसऱ्या हातानं चंची सोडली आणि सुपारी वर फेकली. "हं! फोडा!"

दोघांनी एकदमच हात घातला. सुपारी निसटली, नीळ फासलेल्या पंखावरून टणाटण उड्या मारत खाली धोंड्यावर पडली. तिच्याकडं बघताना राहीबाईची मूठ सैल झाली. हवा फर्रर्रकन सुटली, बिलंदर धाडकन बसलं, त्या आवाजानं बैल बुजले आणि गाडी दोन हात पुढं गेली. चाकाची लोखंडी धाव सुपारीवरून गेली.

कट्.

"फुटली!" आप्पासाहेब कणगीतून ओरडला. "राहे, फुटली! बिलंदरनं फोडली!"

गुलाल उडाला, संबळ वाजला. कानिफनाथाचे कान एवढे लाल झाले की त्याला निराळा गुलाल लागला नाही. आप्पासाहेब उतरून बहिणीपुढं आला, तिच्या मुठीवर हात ठेवून म्हणाला, "सोड आता नळी. न्हाई जात मी कुटं." सुटलेली नळी राहीबाईनं परत गच्च धरून ठेवली होती, तिचं तिलाच कळलं नव्हतं. भांडं नव्हतं, राख नव्हती, घासायला काहीच नव्हतं. ती भावाच्या खांद्यावर डोकं टेकून, सगळ्या जत्रेसमोर, मोठ्यानं रडली.