काढून टाकलेला आवाज

भिकनभाऊ घाबरट आहेत, हे आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत ते सहायक होते. संध्याकाळी कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचे, जिन्यापर्यंत जायचे आणि चौथ्यांदा ओढायला परत यायचे. मी तिथली नवी अधिव्याख्याता, वयाने त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान आणि तोंडाने फटकळ. 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस, भिकनभाऊ,' असं येता-जाता ऐकवायची. ते नुसते हसायचे.

त्या भीतीला कारण होतं, ते मला फार उशिरा कळलं. आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली, म्हणून त्यांच्या आईने, ठमाबाईंनी, पाच घरी पदर पसरून याचं नाव भिकन ठेवलं होतं. पुढे वडिलांचा दम दोन दिवस शिट्टीसारखा वाजत होता. 'बरा हाय' असं ते म्हणाले, भिकनभाऊ त्या शब्दावर विसंबून कामाला गेले आणि दुपारी वडील विहिरीच्या मोटरपाशी बसल्या जागी गेलेले सापडले. तेव्हापासून भिकनभाऊ आईचे शब्द ऐकतच नसत. शब्दांच्या मागचा श्वास ऐकत.

ठमाबाई मखमलाबादच्या पलीकडे मळ्यात एकट्या राहायच्या. शेवंती लावायच्या, पहाटे तोडून बाजारात पाठवायच्या. हृदय कमजोर झालेलं, डॉक्टरांनी अंगातलं पाणी कमी करायची गोळी दिलेली. भिकनभाऊ सातपूरला बायको प्रतिभा आणि दोन मुलींसोबत राहत. आईने तिथे यावं म्हणून सगळे उपाय करून झाले होते, पण ती शेवंती सोडून येईना. मग हा माणूस रोज संध्याकाळी आपली एम-एटी मोपेड काढून मळ्यावर जायचा, आईजवळ दहा मिनिटं बसायचा, श्वास ऐकायचा आणि मग शहर ओलांडून घरी जायचा.

दोन हजार सहा साली माझा एम.ई.चा प्रकल्प सुरू झाला. इंटरनेटवरून फोन, तोही बिनतारी. तेव्हा त्याचं भारी कौतुक होतं आणि हालही तसेच होते. आवाजाचे तुकडे हवेतून येतात, वाटेत झाडं, वारा, दुसऱ्यांचे सिग्नल. निम्मं बोलणं खरखरीत बुडून जातं. ते स्वच्छ करायला मी वेव्हलेट नावाचं गणित वापरणार होते. भिकनभाऊंना मी समजावलं, की आवाज वेगवेगळ्या छिद्रांच्या चाळण्यांतून चाळायचा. जाड ते बोलणं, ते ठेवायचं. अगदी बारीक आणि हलकं उरतं ती खरखर, ती फेकायची.

"म्हणजे पाखडायचं," ते म्हणाले. मला त्याहून सोपं सांगता आलं नसतं.

चाचणीला लांबची जागा हवी होती. कॉलेजच्या गच्चीवरून मळा सरळ दिसायचा. गच्चीवर एक अँटेना, मळ्यातल्या पत्र्याच्या शेडवर दुसरी, आणि शेडमध्ये भंगारातून जुळवलेला एक संगणक. ठमाबाईंना माइक आणि स्पीकर दिला आणि रोज चार वाजता बोलायला सांगितलं. त्या फुलांचा भाव सांगायच्या, मोरीतला साप सांगायच्या, मला 'पोरी, लगीन कधी करती' म्हणून विचारायच्या. भिकनभाऊ डोळे मिटून ऐकायचे आणि खरखरीतून श्वास नीट कळला नाही म्हणून संध्याकाळी मळ्यावर जायचेच.

ऑक्टोबरात माझं गणित जमलं. चार वाजता ठमाबाईंचा आवाज आला तो शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ. "बरी हाय रे, लय फुलं हायेत यंदा." मागे काहीच नाही, ना खरखर, ना धाप. भिकनभाऊंनी कानावरचा हेडफोन काढला आणि माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तो चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते.

नेमक्या तेव्हाच विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षा लागल्या. बाहेरचे परीक्षक, सात-सातपर्यंत काम. 'आवाज तर इतका चांगला येतोय, कशाला रोज पळता,' असं मीच म्हणाले. पहिल्या दिवशी ते चुळबुळले. दुसऱ्या दिवसापासून सरळ घरी जाऊ लागले. फोनवर आईशी थट्टा करायला लागले, एकदा तर खो-खो हसले. आठ दिवस ते मळ्यावर गेले नाहीत.

आमच्या कामात एक रीत असते. स्वच्छ केलेला आवाज तर ऐकायचाच, पण काढून टाकलेलाही ऐकायचा. कचऱ्यासोबत दाणे गेले नाहीत ना, एवढ्यासाठी. नवव्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमारास मी आठही दिवसांचा कचरा ओळीने लावून ऐकायला बसले. बोलणं एका शब्दानेही त्यात गेलं नव्हतं. मी खूश झाले. फक्त खरखरीत एक लयबद्ध शिट्टी होती. ती तीन दिवसांपूर्वीही मला ऐकू आली होती आणि मी वहीत 'वारा' असं लिहून मोकळी झाले होते. आता ओळीने ऐकताना ती रोज वाढत होती. मळ्यात पंखा आहे का, असं विचारायला मी भिकनभाऊंना बोलावलं आणि हेडफोन दिला.

त्यांनी ऐकलं. पहिला दिवस, तिसरा, सहावा.

"मॅडम, हा पंखा नाय," ते म्हणाले. "हा आईचा दम हाय."

त्यांनी लगेच मळ्याशी जोडणी केली. तिकडून तोच स्वच्छ आवाज: बरी हाय, तू काम कर. मी आवाज स्पीकरवर घेऊन गणित बंद केलं आणि खोली शिट्टीने भरली. दोन शब्द आणि धाप, एक शब्द आणि धाप. भिकनभाऊ ओरडले नाहीत की रडले नाहीत. त्यांनी खिशात किल्ली चाचपली आणि पळत सुटले. त्या दिवशी प्रयोगशाळेला कुलूप लागलं नाही.

मी एम-एटीवर त्यांच्या मागे बसले. तो रस्ता मी आयुष्यात विसरणार नाही. मखमलाबादच्या चौकात फुलांचा टेम्पो आडवा उभा होता आणि माणसं निवांत पोती चढवत होती. भिकनभाऊ सारखे एकच म्हणत होते, की आठ दिवस झाले, आठ दिवस. मला म्हणायचं होतं की चूक माझी आहे. त्या म्हातारीच्या श्वासाला मी कचरा म्हटलं होतं आणि रोज चार वाजता तो नेमाने फेकून दिला होता.

शेडमध्ये ठमाबाई फुलांच्या ढिगापाशी दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढे वाकून बसल्या होत्या. ओठ निळे पडले होते, पाय सुजून घागरीसारखे झाले होते. शेजारच्या सगुणाबाई त्यांच्या पाठीवर हात फिरवत होत्या. त्यांनी सांगितलं, की चार दिवस झाले, ही आडवी होऊ शकत नाही, बसूनच डुलकी घेते. गोळीही बंद केली आहे. गोळी घेतली की सारखं लघवीला जावं लागतं, आणि तोडणीच्या दिवसांत वाफा सोडून दहादा कोण उठणार. मुलाला कळवते म्हटलं तर हिने शपथ घातली होती.

चौकातला तोच टेम्पो मळ्यावर आणवला आणि पोती उतरवून त्यातूनच त्यांना दवाखान्यात नेलं. फुफ्फुसांत पाणी भरलं होतं. डॉक्टर म्हणाले, रात्र काढली नसती.

तिसऱ्या दिवशी ठमाबाईंच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क निघाला. मी उशाशी होते, भिकनभाऊ पायथ्याशी. ते आईला रागावले, पहिल्यांदाच. गोळी का सोडली, सांगितलं का नाही. माइकवर बोलताना तिला धाप लागलीच असेल, मग ती लपवली का.



"तू जन्मापासून भ्यालेला हाय रे," ठमाबाई म्हणाल्या. "मला कळतं ना, तू काय ऐकत असतो ते. या आठ दिवसांत तू फोनवर हसत होता. मी श्वास धरून बोलायची. म्हटलं, हसू दे अजून थोडं."

मला वाटत होतं, ती शिट्टी माझ्या गणिताने पुसली. निम्मी तर ही बाईच रोज पुसत होती.

भिकनभाऊ उठले आणि तिच्याजवळ जाऊन बसले.

"आई, मला हसायचं नाय," ते म्हणाले. "मला भिऊ दे. तू फक्त सांगत जा."

मुलाचा हात ओढून ठमाबाईंनी स्वतःच्या छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. श्वास अजून वाजत होता, आणि भिकनभाऊ तो मोजत बसले.