अकरा वर्षं जुन्या दोन ओळी
ऑफिसात मला 'शंभर टक्के' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण आमच्या भिंती पातळ आहेत. "काम झालं का?" असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं, "शंभर टक्के." त्यातले टक्के किती खरे, हे कळायला मला सत्तेचाळिशी गाठावी लागली.

आधी माझं काम सांगतो. एका मोठ्या संगणकाच्या पोटात आम्ही दहा-बारा लटके, म्हणजे नुसते सॉफ्टवेअरने उभे केलेले, संगणक चालवतो. प्रत्येकाला वाटतं, सगळं यंत्र आपलंच. काम नसलं की लटका संगणक झोपतो. डिस्कवरून माहिती आली, कुणी कळ दाबली, की त्याला हाक मारायची. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. हाक पोचवणारा भाग अकरा वर्षांपूर्वी मी लिहिला. त्याबद्दल मिळालेलं काचेचं स्मृतिचिन्ह मी टेबलावर अशा कोनात ठेवलंय, की येणाऱ्याला मान न वळवता वाचता यावं.

एका वाचनालयाची पुस्तकसूची आमच्या अशाच एका संगणकावर होती. तिथल्या ग्रंथपाल बाईंचा फोन आला.

"आठवड्यातून एकदा सगळं थिजतं. मी स्पेसबार दाबते, की काही झालंच नाही असं पुढे चालू होतं."

"नेटवर्कचा दोष असणार," मी म्हणालो. "आमच्या बाजूने शंभर टक्के ठीक आहे."

बाईंनी आपल्या नेटवर्कवाल्याला धारेवर धरलं. बिचाऱ्याने सगळ्या वायरी बदलल्या. सूची थिजतच राहिली. मग मी डिस्कवाल्यांकडे बोट दाखवलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, मी तर अंगणं बदलत चाललो होतो.

आमच्या चाचणी विभागात एक ताई आहेत, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या. त्यांनी तसाच संगणक उभा केला, त्यावर कामाचा मारा केला आणि तिसऱ्या दिवशी तो माझ्या डोळ्यांदेखत थिजवून दाखवला. काय घडतं ते टिपायला मी कोडमध्ये नोंदी लिहिणाऱ्या ओळी घातल्या. दहा दिवस काही झालं नाही. मी छाती फुगवून दोष संपल्याचं जाहीर केलं आणि नोंदी काढल्या. त्याच दुपारी तो पुन्हा थिजला. नोंदी लिहिण्यात जो क्षणभर वेळ जायचा, तेवढ्यानेच दोष लपत होता.

"इकडे बस," ताई म्हणाल्या. "तू झोपणारा, मी हाक मारणारी. तुझा कोड एकेक ओळ वाच. मोठ्याने."

मला हसू आलं, पण वाचलं. आलेली कामं जिथे जमा होतात त्या जागेला मी कोडमध्ये टपालपेटी म्हटलं होतं. "टपालपेटी बघतो. रिकामी आहे."

"थांब. आता मी पेटीत पत्र टाकते. तुझ्या दारावरची पाटी बघते. 'जागा' लिहिलंय. मग उठवायचं कशाला? मी चालले."

"मी 'झोपलो' अशी पाटी लावतो," मी पुढची ओळ वाचली, "आणि झोपतो."

पत्र पेटीत, मी झोपेत, आणि उठवणारं कुणी नाही. स्पेसबार दाबला की दुसरी हाक जायची, लटका संगणक जागा व्हायचा आणि पेटीत पहिलं पत्रही सापडायचं. बाईंना इलाज सापडला होता, मला आजारसुद्धा नाही.

पाटी आधी लावायची, पेटी मग बघायची. दोन ओळींची अदलाबदल. मी सगळ्या विभागाला ईमेल पाठवला, तोही जरा लांबलचकच. चौथ्या दिवशी संगणक थिजला.

कारण प्रोसेसर घाईत असतो. पाटी इतरांना दिसायच्या आतच तो पेटीत डोकावून मोकळा होतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. यावर मी नव्या लोकांना दीड तासाचं व्याख्यान दिलेलं आहे.

"मग इथे का नाही केलंस?" ताईंनी विचारलं.

"व्याख्यान इतरांसाठी होतं," मी म्हणालो.

आधीचं काम सगळ्यांना दिसेपर्यंत पुढे जाऊ नकोस, असं बजावणारी एकेक ओळ झोपणाऱ्याच्या आणि हाक मारणाऱ्याच्या, दोन्ही बाजूंना घातली. ताईंनी तीन आठवडे संगणकाला घाम फोडला. तो थिजला नाही. मग मी बाईंना फोन केला.

"म्हणजे नेटवर्कचा दोष नव्हता?"

"नव्हता."

"मग कुणाचा?"

"माझा."

"मी त्या माणसाला फार बोलले हो. आता काय तोंडाने फोन करू?"

"नंबर द्या, मीच करतो."

नेटवर्कवाल्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "खरं सांगू का," तो म्हणाला, "पहिल्या दिवशी मीही न बघताच तुमच्यावर ढकललं होतं."

"बरोबर ढकललं होतंत," मी म्हणालो.