तेलाचा हात

पहाटेपासून वारं सुटलं होतं. नवरात्रातलं ओलसर, फटीफटीतनं घुसणारं वारं. आक्काबाईनं शेण भरलं, छपरातल्या शेळ्यांना पाला टाकला आणि त्याच छपराच्या कोपऱ्यात मांडलेल्या घटापुढं बसून, पदराचा आडोसा धरत, दिव्यात तेल घातलं.

मिरजगावच्या अलीकडच्या त्या वस्तीवर देवीचा घट शेळ्यांच्या छपरात बसायची ही पहिलीच खेप.

थोरली जाऊ रंगुबाई रोज येता-जाता डिवचायची, "आक्के, देवी काय शेळ्या राखाया बसवली व्हय गं?"

"राखू दे की. मला एकलीला किती राखवंल?"

घर होतं एका खोलीचं. त्यात खाटेवर नवरा, छगन. उभा जन्म त्यानं विहिरी खोदल्या. तो खाली खडक फोडायचा, आक्काबाई वर दोर धरून असायची. विहिरींना पाणी लागलं, पण दगडाची धूळ त्याच्या छातीत बसली ती बसलीच. आता हवेतनं ऑक्सिजन ओढून देणारं मशीन उशाशी घरघरायचं आणि लाईट गेली तर म्हणून शेजारी सिलिंडर उभा.

तो बसवताना नर्स जया बजावून गेली होती, "मावशी, या खोलीत चूल न्हाई, दिवा न्हाई, बिडी तर न्हाईच. ऑक्सिजन सवता जळत न्हाई, पर ठिणगीचा वणवा करतो. आन् तेलाचा हात सिलिंडरच्या तोंडाला लावू नका. तिथं नुसत्या तेलानं भडका व्हतो."

आणि सासू मरताना सांगून गेलेली, की नऊ दिवस दिवा इजू द्यायचा न्हाई. यंदा तर आक्काबाईनं तो छगनच्या श्वासासाठीच नवसाला बोलला होता. म्हणून घट बाहेर आला.

तेल घालून ती वात सारत होती, तेवढ्यात घरातलं मशीन टिटवीगत ओरडलं. लाईट गेली होती.

आडोसा सोडून ती धावली. सिलिंडरच्या चावीला हात घालणार, तोच बोटांवरचं तेल दिसलं. छगन तोंड वासून तिच्याकडंच बघत होता.

ती माघारी वळली. मोरीत बसली. साबण लावला, धुतला. बोटं अजून बुळबुळत होती. पुन्हा लावला. पाठीमागं छगनची छाती फुटक्या भात्यासारखी वाजत होती.

आवाजानं आलेली रंगुबाई दारातनं किंचाळली, "अगं कैदाशिणी, त्यो मरतुया आन् तू हात धुतीस?"

आक्काबाईनं वर पाहिलं नाही. धुतल्या फडक्याला हात कोरडे केले, मग चावी फिरवली. नळी जोडली. बारीक सूं सूं सुरू झालं. छगनचे काळेनिळे ओठ हळूहळू माणसात आले.

रंगुबाई छपराकडं जाऊन आली. आता तिचा आवाज खाली गेला होता.

"आक्के… दिवा इजला गं."

आक्काबाई मटकन खाली बसली.

छगनला सलग बोलता यायचं नाही. थांबत थांबत तो म्हणाला, "जुन्या इहिरीत… उतरायच्या आदी… कंदील सोडायचो. ध्यानात हाय?"

"हाय."

"त्यो इजला… तर?"

"तर खाली हवा वंगाळ. तुमाला उतरू द्यायची न्हाई मी. दोर आवळून बसायची."

"मग?" त्यानं दम घेतला. "कंदील इजला… म्हनून तर… माणूस वर ऱ्हायला."

आक्काबाईनं पदरानं नाक पुसलं.

रंगुबाई म्हणाली, "मी लावू का परत? देवी काय सावत्र आय न्हाई."

"लावा जाऊबाई. तेल बी आता तुमीच घाला. माझं हात कोरडं ऱ्हाऊ द्या."

रंगुबाई काडेपेटी घेऊन छपराकडं गेली. आक्काबाईनं बाजरीचं सूप ओढलं. पाखडलं तर धूळ उडंल, म्हणून खाटेपासून लांब, उंबऱ्यावर बसून, सूं सूं ऐकत ती एकेक खडा निवडायला लागली.