केबलचा मणी

माझ्या मामाला सगळे केबलमामा म्हणत, अगदी त्याच्याहून वयानं मोठे असलेले माळीसुद्धा. गवत कापायच्या मशीनची, दांड्यावरच्या कडीपासून इंजिनापर्यंत जाणारी केबल तुटली की लोक थेट त्याच्या मागच्या पडवीत यायचे. मामा जुन्या आवरणात नवी तार ओवायचा, मापानं कापायचा आणि टोकाला वितळलेल्या शिशाचा वाटाण्याएवढा मणी चढवायचा. सगळा भार त्या मण्यावर. तो निसटला की दांड्यावरची कडी दाबली काय, न दाबली काय, मशीन ढिम्म.

"माझा मणी आजवर परत आला नाही," हे वाक्य तो पाहुण्यांना पाण्याआधी द्यायचा. बढाईखोर होता, मान्य. पण खोटं बोलत नव्हता.

मग त्याचे हात थरथरू लागले. कप बशीवर वाजायचा. मामी त्याचा कप अर्धाच भरू लागली. काम मात्र चालूच राहिलं, आणि परतही काही आलं नाही. "हात हलतो गं, पण कामाला बसलं की बरोबर थांबतो," मामा म्हणायचा.

थांबत कसला! मी शेजारीच राहते. एका दुपारी साखर मागायला गेले, तर मामा आत घोरत होता आणि मामी पडवीत त्यानं सकाळी चढवलेला मणी तापवून उतरवत होती. तारेचा पीळ तिनं सुईनं उलगडला, बारीक तारा फुलवल्या आणि मगच शिसं ओतलं, म्हणजे ते आतपर्यंत धरतं. तीस वर्षं मामासाठी तारेचं दुसरं टोक धरून बसली होती, बघून बघून शिकली.

"बोललीस तर बघ," एवढंच ती म्हणाली. मी बोलले नाही.

गेल्या हिवाळ्यात मामी चार दिवसांच्या तापानं गेली.

महिन्याभरानं मामा पुन्हा पडवीत बसला. मला वाटलं, बरं झालं, जीव रमेल. अक्कल माझी! पहिलं मशीन आठवड्यात परत आलं, मग दुसरं. तिसरं आणणारा माळी जुना, तो नुसतं ठेवून निघून गेला. मामा शिशाला शिव्या घालू लागला. "सगळी भेसळ!" मी होला हो मिळवत राहिले आणि मला माझीच लाज वाटत राहिली.

परवा एक बाई पात्याला धार लावायला मशीन ठेवून गेल्या. त्याची केबल दोन वर्षांपूर्वी मामानंच बसवलेली. त्यानं तिचा मणी पकडीत धरून ओढला. हलला नाही. मग स्वतः काल केलेला ओढला, तो सुटून हातात आला. चष्मा लावून तो बराच वेळ जुना मणी निरखत राहिला. शिशाच्या कडेला फुलवलेल्या तारा दिसत होत्या.

"हे माझं काम नाही."

मला खोटं सुचलंच नाही. "मामीचं आहे. दुपारी तू झोपलास की करायची."

"सगळे?"

"तिच्या शेवटच्या दोन वर्षांतले सगळे."

चिडेल असं वाटलं होतं. त्यानं पकड खाली ठेवली आणि चष्मा काढून मांडीवर धरला.

"शेवटच्या तापात म्हणत होती, पडवीत एक काम राहिलंय, जरा उठवून बसव मला. मी म्हटलं, तुझं काय काम तिथं? आणि पांघरूण घातलं तिच्यावर."